तलाव दुरुस्त झाला, राखणारा कुठे आहे?

भंडारा जिल्ह्याला समुद्र नाही, त्यामुळे दीपगृहही नाही. तरीही किनाऱ्यावरच्या दीपगृहांचे सध्या काय चालले आहे, याकडे वैनगंगेच्या खोऱ्यातल्या वाचकाने लक्ष द्यावे. इंग्रजांच्या काळातला १९२७ चा दीपगृह कायदा जाऊन २०२१ मध्ये त्याच्या जागी नवा कायदा आला आणि जुन्या दीपगृहांना वारसा म्हणून जपण्याची सोय त्यात झाली. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी पंतप्रधानांनी तुतुकुडी येथून देशातल्या ७५ दीपगृहांवरील पर्यटन सुविधांचे लोकार्पण केले. मनोऱ्यांना रंग लागला, बागा झाल्या, पर्यटकांची ये-जा सुरू झाली. यात वाईट काही नाही. गोव्यातले आग्वादचे दीपगृह १८६४ चे. त्याने १९७६ पर्यंत, म्हणजे शंभराहून अधिक वर्षे, काम केले. थळच्या समुद्रातल्या खांदेरी बेटावर शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये किल्ला बांधायला घेतला. त्याच बेटावर १८६७ मध्ये दीपगृह उभे राहिले, आणि २०२५ मध्ये खांदेरीचे नाव जागतिक वारसा यादीत गेले. अशा वास्तू पडू द्यायच्या नसतात, हे आता सरकारलाही पटले आहे आणि लोकांनाही. प्रश्न मनोऱ्याचा नाही. मनोऱ्याच्या पायथ्याशी असलेल्या त्या दोन-तीन बैठ्या घरांचा, आणि त्या घरांत राहून ज्यांनी दिवा पेटता ठेवला त्यांच्या कामाचा आहे.

दीपगृहावरची नोकरी म्हणजे संध्याकाळी दिवा लावला आणि सकाळी मालवला, इतके सोपे प्रकरण नव्हते. विजेच्या आधी भिंगाचा जड सांगाडा घड्याळासारख्या यंत्राने फिरत असे. त्याचे वजन साखळीवर खाली उतरत आले की ते पुन्हा वर ओढून घ्यावे लागे, आणि हे रात्रभर ठरावीक वेळाने चाले. काचेवर बसलेले मीठ पुसायचे, तेल मोजायचे, वारा आणि धुके वहीत नोंदवायचे, मनोऱ्याच्या भिंतीत ओल कुठे चढते आहे ते पाहायचे. पुढे वीज आली, स्वयंचलित दिवे आले, आणि जगभर या माणसांची गरज संपल्याचे जाहीर झाले. ब्रिटनमध्ये माणसांनी चालवलेले शेवटचे दीपगृह १९९८ मध्ये स्वयंचलित झाले. राखणदारांची रिकामी घरे तिथे बऱ्याच ठिकाणी नीट दुरुस्त करून सुट्टीवर आलेल्यांना भाड्याने दिली जातात. लंडी बेटावरचे १८९७ मध्ये बंद पडलेले जुने दीपगृह याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. घरे वाचली, आणि ती चांगलीच वाचली. पण अमेरिकेत बॉस्टन बंदरातल्या दीपगृहाबाबत वेगळा निर्णय झाला. १७१६ मध्ये सुरू झालेले हे त्या देशातले पहिले दीपगृह. इथे राखणदार कायम राहिलाच पाहिजे, असा कायदा तिथल्या संसदेने १९८९ मध्ये केला. १९९८ मध्ये दिवा स्वयंचलित झाला तरी राखणदाराचे पद राहिले, आणि त्या पदावरच्या शेवटच्या बाई २०२३ च्या अखेरीस निवृत्त झाल्या. दिव्याला माणसाची गरज उरली नसेल, पण जागेला आहे, हे त्या संसदेने तीसहून अधिक वर्षे मान्य केले होते.

दुरुस्तीचे हे दोन प्रकार आहेत. एकात वास्तू वाचते आणि तिच्या भोवतीचे काम संपते. दुसऱ्यात वास्तूबरोबर काम करणारा माणूसही ठेवला जातो. भंडारा जिल्ह्यातल्या माजी मालगुजारी तलावांच्या, म्हणजे ज्यांना आपण मामा तलाव म्हणतो त्यांच्या, दुरुस्तीबाबत आपण गेली अनेक वर्षे पहिला प्रकार स्वीकारला आहे. किनाऱ्यावर तो कदाचित चालून जाईल, कारण दिवा आता खरोखरच आपोआप लागतो. आपल्याकडे तो चालत नाही. तलाव आपोआप चालत नाही.

नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या पाच जिल्ह्यांत मिळून असे सुमारे सात हजार तलाव आहेत आणि त्यातला मोठा वाटा भंडारा-गोंदियाचा आहे. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा होईपर्यंत हा एकच जिल्हा होता, तेव्हा तलावांचा इतिहास सांगताना सीमा आखण्यात अर्थ नाही. हे तलाव इंग्रजांनी बांधलेले नाहीत आणि बहुतेक मालगुजारांनीही बांधलेले नाहीत. मालगुजारी व्यवस्था येण्याच्या कितीतरी आधी गोंड राजांच्या काळात त्यांची उभारणी झाली. जो जंगल तोडून तलाव बांधेल, त्याला त्या तलावाखाली भिजणाऱ्या जमिनीचा हक्क, असे त्या राजांचे धोरण होते. हे काम ज्यांनी हाती घेतले त्यांत कोहळी समाज सर्वांत पुढे होता. चांद्याच्या एका गोंड राजाने काशीयात्रेहून परतताना कोहळ्यांना सोबत आणले, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, वैनगंगेच्या खोऱ्यातल्या जमिनीचा उतार ओळखून नेमक्या जागी पाळ टाकण्याचे त्यांचे कसब मात्र इंग्रज अधिकाऱ्यांनीही लिहून ठेवले आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी नवेगावचा बांध घातला. दोन टेकड्यांमधली खिंड नेमकी कुठे अडवली की पाच चौरस मैलांचे पाणी उभे राहते, हे त्यांनी कोणत्या यंत्राने मोजले असेल? लोकांनी त्यांना देव केले. कोलासूर देवाचे ठाणे तलावाभोवतीच्या डोंगरावर आहे. एखाद्या अभियंत्याला देवपण देणाऱ्या समाजाला पाण्याची किंमत शिकवायची गरज नव्हती.

बांधणाऱ्याचे नाव असे राहिले, राखणाऱ्याचे राहिले नाही. खरे तर तलाव एकदाच बांधला जातो आणि राखावा लागतो दर वर्षी. मातीची पाळ ही जिवंत वस्तू आहे. पावसाळ्यात खेकडे तिच्यात बिळे करतात, उन्हाळ्यात उंदीर. पाळीवर उगवलेले झाड वेळीच काढले नाही तर त्याची मुळे आत खोल जातात आणि झाड मेले की मुळांच्या जागी पाण्याला वाट होते. श्रावणात तलाव भरलेला असताना पाळीच्या बाहेरच्या अंगाला ओल येतेच. ती येणे हा दोष नाही. पाहायचे असते ते झिरपणाऱ्या पाण्याच्या रंगाकडे. पाणी नितळ असेल तर घाबरण्याचे कारण नाही. ते गढूळ झाले, त्यात माती यायला लागली, की पाळ आतून पोखरली जात आहे असे समजायचे, आणि मग उद्यावर टाकून चालत नाही, त्याच रात्री माती आणि दगड टाकावे लागतात. दुसरी गोष्ट तुडुमाची. तलावातून पाणी सोडण्याची ही जुनी रचना पाळीच्या आतल्या अंगाला असते. वेगवेगळ्या उंचीवर भोके आणि त्यांत लाकडी गुडद्या. पाणी वर असताना वरचे भोक मोकळे करायचे, पातळी उतरली की खालचे. म्हणजे नेहमी वरच्या थरातले पाणी शेतात जाते, आणि पाण्याचा दाब बेताचा राहत असल्याने पाट फुटत नाही. गुडदी काढायला माणसाला पाण्यात उतरावे लागते. कोणती, कधी आणि किती वेळ, हे त्याला ठाऊक असावे लागते. पऱ्ह्यांना लागणारे पाणी वेगळे, रोवणीचे वेगळे, आणि लोंबी भरताना लागणारे शेवटचे पाणी सर्वांत मोलाचे. बांधीतून बांधीत पाणी उतरत जाते तेव्हा शेवटच्या बांधीपर्यंत ते पोचले की नाही, हे पाळीवर उभे राहून कळत नाही. धुऱ्यांवरून चालत जावे लागते.

ही सगळी कामे कोणी ना कोणी करत होते, आणि त्याबद्दल त्याला धान मिळत असे किंवा जमिनीचा तुकडा. १९५० च्या कायद्याने, ३१ मार्च १९५१ पासून, तेव्हाच्या मध्य प्रदेशात मालकी हक्क संपले आणि तलाव सरकारकडे आले. भंडारा तेव्हा त्याच प्रांतात होता. मालगुजारी गेली हे योग्यच झाले, याबद्दल पुढे बोलतो. पण कागदावर तलाव एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेला तेव्हा त्याच्या रोजच्या कामाचे काय करायचे, हे कोणी ठरवले नाही. निस्तार पत्रकात गावाचे हक्क लिहिलेले होते, कर्तव्ये नव्हती. तलावाचे पाणी पिढ्यान्‌पिढ्या फुकट वापरणाऱ्यांकडून सरकारने पाणीपट्टी मागितली, शेतकऱ्यांनी नकार दिला, आणि हा वाद अनेक वर्षे चालला. पैसे देणार नसाल तर दुरुस्ती का करावी, ही एक बाजू. तलाव तुमचा आहे म्हणता तर दुरुस्ती तुम्हीच करा, ही दुसरी. पुढे शंभर हेक्टरपर्यंत सिंचन करणारे तलाव जिल्हा परिषदेकडे आणि त्यावरचे राज्य शासनाकडे, अशी वाटणी झाली. एका उपविभागात एक-दोन अभियंते आणि मूठभर कर्मचारी, तलाव शेकड्यांनी. त्यात कोणाचाही दोष शोधण्यापेक्षा हे पाहावे की या रचनेत पाळीवरून रोज चालणारा माणूस कुठेच नाही. गावकऱ्याच्या दृष्टीने तलाव सरकारी झाला, आणि सरकारच्या दृष्टीने तो हजारातला एक झाला.

गेल्या दशकात तलावांकडे पैसा पुन्हा वळला, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. जलयुक्त शिवार झाले, २०१७ पासून गाळमुक्त धरण-गाळयुक्त शिवार योजना आली, मामा तलावांसाठी स्वतंत्र दुरुस्तीचे काम निघाले, एप्रिल २०२२ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात ७५ तळी करण्याची अमृत सरोवर मोहीम जाहीर झाली. दीपगृहेही ७५ आणि जिल्ह्यातली सरोवरेही ७५. स्वातंत्र्याच्या अमृत महोत्सवातून आलेला हा आकडा आहे, आणि तो दोन्हीकडे सारखाच सांगतो की आपण वास्तू मोजतो. पोकलेन तलावात उतरते, गाळ ट्रॅक्टरने शेतात जातो, पाळीला दगडी अस्तर होते, तुडुमाच्या जागी लोखंडी दार बसते, फलक लागतो. काम पूर्ण झाल्याचा दाखला दिला की योजनेच्या दृष्टीने तो तलाव संपला. त्यानंतर त्या लोखंडी दाराचा स्क्रू गंजला, त्याची किल्ली हरवली, कोणी दगड टाकून दार अर्धे उघडे ठेवले, पाटात घाणेरी आणि बेशरम वाढली, तर तो खर्च कोणत्याच शीर्षाखाली बसत नाही. मग आठ-दहा वर्षांनी तोच तलाव दुरुस्तीच्या नव्या यादीत येतो.

यंत्राने केलेल्या खोलीकरणाचाही एक परिणाम आहे आणि तो राखण नसण्याइतकाच गंभीर आहे. तलावाचा उथळ, वर्षातले काही महिने कोरडा पडणारा भाग हा वाया गेलेला भाग नसतो. पाणवनस्पती तिथे वाढतात, मासे तिथे अंडी घालतात, पाणपक्षी आणि सारस तिथे चरतात. सरसकट खणून खोल केलेल्या तलावात पाणी जास्त दिसते आणि जीव कमी राहतो. हे सर्वांत आधी कोणाला कळते, तर ढिवर समाजाला. मासे, शिंगाडा, कमळाच्या ढेसा यांवर ज्यांची चूल चालते त्यांना तलावाच्या तळाची माहिती नकाशाशिवाय असते. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने भंडारा-गोंदिया या दोन जिल्ह्यांत ढिवर स्त्री-पुरुषांना सोबत घेऊन जे काम केले, ते या दृष्टीने फार मोलाचे आहे. त्यांनी तलावातली बेशरम हाताने उपटली, उन्हाळ्यात तळाचा काही भाग नांगरला, स्थानिक पाणवनस्पती शोधून पुन्हा लावल्या, आणि रोहू-कटल्याच्या बोटुकल्यांच्या मागे लागून जे देशी मासे विस्मरणात गेले होते ते परत येऊ लागले. या कामात मोठे यंत्र नव्हते. कोणती वनस्पती कुठल्या पाण्यात जगते हे जाणणारे लोक होते आणि ते दर वर्षी परत येत होते.

आता यावर जे आक्षेप घेतले जातील त्यांकडे वळतो. पहिला आक्षेप आधुनिकतेचा आहे. दीपगृहातून माणूस गेला तसा तलावावरूनही जाईल, पाण्याची पातळी मोजणारी यंत्रे आता स्वस्त आहेत, दारे मोबाइलवरून उघडता येतात, मग पगारी माणूस कशाला? दीपगृहाचे काम एका ठरलेल्या क्रियेचे होते: ठरावीक वेळेला ठरावीक झळक. ते यंत्राने उचलले, आणि ते अधिक नेमकेपणाने उचलले. तलावाचे काम मात्र दर वर्षी, दर आठवड्याला वेगळे असते. ऑगस्टमध्ये पंधरा दिवस पाऊस ओढला तर कोणाच्या बांधीला आधी पाणी द्यायचे हा निर्णय पातळीच्या आकड्यावरून होत नाही. कोणाची रोवणी उशिरा झाली आहे, कोणाच्या शेताला विहीर आहे, कोणाचे धान हलके आहे आणि कोणाचे भारी, हे माहीत असावे लागते, आणि निर्णय दिल्यावर तो चार शेतकऱ्यांच्या समोर उभे राहून निभवावा लागतो. पातळी सांगणारे यंत्र जरूर बसवावे. त्याने राखणाऱ्याचे काम सोपे होईल. खेकड्याचे बीळ मात्र ते बुजवणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. मालगुजारीच्या काळात तलाव नीट राहत होते ते काही गावकऱ्यांच्या एकीमुळे नव्हे. मालगुजाराच्या धाकाने राहत होते, असे हा आक्षेप सांगतो, आणि त्यात पुष्कळ तथ्य आहे. पाळीवर माती टाकायला वेठीने माणसे बोलावली जात. पाणी आधी मोठ्या शेतकऱ्याच्या बांधीत जाई. ढिवरांनी मासे धरायचे, पण तलावावर त्यांचा हक्क मालगुजाराच्या मर्जीइतकाच. भूमिहीनाला तर पाण्याच्या वाटपात आवाजच नव्हता. जी व्यवस्था जातीच्या उतरंडीवर उभी होती तिच्याकडे हळवे होऊन पाहण्याचे कारण नाही, आणि १९५१ चा निर्णय उलटवावा असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. पण राखण आणि राखणारा मालक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मालक जायला हवा होता, तो गेला. त्याच्याबरोबर राखणही गेली, ती जायला नको होती. या दोन्ही गोष्टी वेगळ्या करता येतात याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. धुळे-नाशिक भागात पांझरेसारख्या नद्यांवर जी फड पद्धत चालत आली, तिच्यात पाणी वाटणारा पाटकरी, त्याच्यावर देखरेखीसाठी हवालदार आणि पिकाची राखण करणारा जागल्या, ही गावाने नेमलेली आणि गावाने धान्यात मोबदला दिलेली माणसे होती. तमिळनाडूच्या एरी तलावांवर पाणी सोडणारा नीरकट्टी असाच गावाचा सेवक असे, आणि बऱ्याच ठिकाणी हे काम दलित समाजाकडे होते. स्वतःची जमीन नसलेल्या माणसाला वाटपात लोभ नसतो, हे त्यामागचे गावाचे शहाणपण. मात्र तेच काम त्याच्यावर जातीने लादले, हा त्यातला अन्याय. आज आपल्याला शहाणपण ठेवून अन्याय टाकता येतो. राखणाऱ्याची निवड ग्रामसभेने करावी, मोबदला लेखी आणि नियमित असावा, आणि पहिला अधिकार तलावावर ज्यांची रोजी आहे पण ज्यांच्या नावावर तलावाखालची जमीन नाही, अशांचा असावा. त्यात ढिवर स्त्रिया असाव्यात. त्यांचे तलावाचे ज्ञान फार थोड्या लोकांना असते.

तिसरे म्हणणे असे की यासाठी पाणी वापर संस्था आहेत, २००५ चा सिंचन व्यवस्थापनाचा कायदा आहे, मच्छीमार सहकारी संस्था आहेत, ग्रामपंचायती आहेत. आहेत, आणि असायलाच हव्यात. पण समिती ठराव करते, ती रात्री दोन वाजता पाळीवर जात नाही. तलाव सर्वांचा असला की तो पाहणे कोणाचेच काम राहत नाही. शिवाय मच्छीमार संस्था आणि शेतकरी यांचे हितसंबंध उन्हाळ्यात एकमेकांच्या आड येतात. शेतकऱ्याला शेवटचे पाणी धानाला हवे असते, आणि माशांना जगण्यापुरते पाणी तळाला राहावे असे ढिवरांना वाटते. हा वाद दोन्ही संस्थांचे अध्यक्ष जिल्ह्याच्या कार्यालयात सोडवू शकत नाहीत. तळाचे कोणते भोक यंदा उघडायचे नाही, हे दोघांच्या संमतीने ठरवून त्यावर पहारा ठेवणारा माणूस लागतो.

पैशाचा प्रश्न उरतो. समजा जिल्ह्यातल्या एक हजार तलावांवर प्रत्येकी एक राखणारा नेमला आणि त्याला महिना सहा हजार रुपये मानधन दिले. वर्षाला एका तलावाचे ७२ हजार, आणि हजार तलावांचे सात कोटी वीस लाख रुपये होतात. ही रक्कम लहान नाही. पण ज्या तलावाची दुरुस्ती दर आठ-दहा वर्षांनी लाखो रुपये खर्चून पुन्हा करावी लागते, त्याच तलावाच्या खर्चाशी ती ताडून पाहावी. मासेमारीच्या ठेक्याच्या उत्पन्नातला ठरावीक वाटा, ग्रामपंचायतीचा वाटा आणि रोजगार हमीखालची पाट सफाई व बेशरम काढण्याची कामे एकत्र केली तर शासनाचा भार आणखी कमी होईल. शेतकऱ्यानेही हंगामाच्या शेवटी एकरामागे थोडे धान द्यावे. पाणीपट्टीला नकार देणारे गाव, स्वतः नेमलेल्या माणसाला धान द्यायला नकार देत नाही, असे फड पद्धतीचा अनुभव सांगतो, कारण दिलेल्या धानाचे काय झाले हे त्याला डोळ्यांनी दिसते.

गोसेखुर्द धरणाचे पाणी आले की या जुन्या तलावांची गरजच काय, असेही विचारले जाते. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते त्या प्रकल्पाचे भूमिपूजन झाले तेव्हा अंदाज ३७२ कोटींचा होता. तो १८ हजार कोटींच्या पुढे गेला आणि अडीच लाख हेक्टर सिंचनाचे उद्दिष्ट अजून पूर्ण व्हायचे आहे. प्रकल्पाच्या विरोधात मी नाही. पण कालव्याचे पाणी जिथे पोचणार नाही अशी गावे जिल्ह्यात बरीच आहेत, आणि जिथे पोचेल तिथेही विहिरींना पाझर, गुरांना पाणी, माशांना घर आणि बांधीला वेळेवरचे एक पाणी देणे हे काम गावाजवळचा तलावच करतो.

त्यामुळे मागणी साधी आहे आणि ती मोठ्या धोरणाची वाट पाहत थांबायला नको. मामा तलावाच्या कोणत्याही दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात पुढच्या पाच वर्षांच्या राखणीचा खर्च आधीच धरलेला असावा, आणि तो धरला नसेल तर तांत्रिक मंजुरी देऊ नये. मोठ्या सरकारी तलावांजवळ, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झालेला तुमसर तालुक्यातला चांदपूर असो किंवा भंडाऱ्याजवळचे रावणवाडी, सिंचन खात्याच्या जुन्या इमारती किंवा चौकीदाराच्या खोल्या असतील तिथे त्या पर्यटकांसाठी सजवण्याआधी राखणाऱ्याला राहण्याजोग्या कराव्यात. पर्यटक यावेत, त्यांच्याकडून चार पैसेही मिळावेत, पण खोलीवर पहिला हक्क राखणाऱ्याचा. दीपगृहावर जशी नोंदवही असे तशी प्रत्येक तलावाची एक वही असावी: पहिला पाऊस कधी, सांडवा कधी वाहिला, कोणती गुडदी किंवा दार कोणत्या तारखेला उघडले, शेवटच्या बांधीत पाणी पोचले की नाही, पाळीवर ओल कुठे आणि तिचे पाणी नितळ की गढूळ, कोणते मासे दिसले आणि कोणते दिसेनासे झाले. दहा वर्षांच्या अशा वह्या जमल्या तर पुढच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक अभियंत्याला कार्यालयात बसून अंदाजाने करावे लागणार नाही, आणि खोलीकरण कुठे करायचे नाही हेही त्याला कळेल. याची सुरुवात जिल्हा परिषदेला येत्या उन्हाळ्यातल्या कामांपासून करता येईल. काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर अधिकाऱ्यांच्या सह्या असतात. तिथे आणखी एक सही ग्रामसभेने नेमलेल्या राखणाऱ्याची असावी, आणि ती नसेल तर शेवटचे बिल निघू नये.